दाल बाजारात पाऊल टाकण्यापूर्वी

ही मार्गदर्शिका बदलीनं, लग्नानं किंवा तत्सम कारणानं ग्वाल्हेरात येऊन पडलेल्या मराठी माणसासाठी आहे. एजी ऑफिसात रुजू झालेला नागपूरकर, माधवगंजात सून म्हणून आलेली सांगलीची मुलगी, मुलाच्या मागोमाग इथवर ओढले गेलेले पुण्याचे निवृत्त आजोबा, या सगळ्यांचं पहिल्या महिन्यात एकमत होतं की पुण्याच्या मानानं इथे सगळं स्वस्त आहे. दुसऱ्या महिन्यात वीस तारखेलाच पाकीट रिकामं होतं. तेव्हा पहिली सूचना अशी, की हे शहर स्वस्त आहे हा समज घरीच ठेवून बाजारात जावं. महाग वस्तू माणूस विचार करून घेतो. खड्डा पडतो तो स्वस्त वस्तूंनी.

पात्रता

पात्रतेची अट नाही. आपण इथे उपरे आहोत असं ज्यांना वाटतं, त्यांनी धीर धरावा. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली आणि तिचंच पुढे लष्कर हे शहर झालं. छावणी आली की पाठोपाठ बाजारबुणगे आलेच. पानिपतानंतर या मंडळींना इतिहासात फार वाईट नाव मिळालं, पण फौजेला डाळ-पीठ कुणीतरी पुरवायलाच हवं होतं. थोडक्यात, मराठी माणूस आणि किराणा दुकानदार या गावात एकदमच आले. त्यांची भावावरून चाललेली घासाघीस दोनशे वर्षं जुनी आहे, आणि आजवर दुकानदार हरल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

साहित्य

दोन कापडी पिशव्या, सुटे पैसे, यादी आणि वाचायचा चष्मा. चष्म्याचं कारण पुढे कळेल.

यादी स्वयंपाकघरात उभं राहून, एकेका डब्याचं झाकण उघडून करायची असते. दिवाणखान्यात बसून आठवणीनं केलेली यादी हा ललित लेखनाचा प्रकार आहे. अशा यादीवर जिरं हमखास असतं, आणि घरी आल्यावर जिऱ्याची तीन पाकिटं एकमेकांकडे बघत बसतात. यादीत नसलेलं काही घ्यायचं नाही हा नियम सगळे सांगतात. आम्ही त्यात एक सुधारणा सुचवतो. यादीत नसलेली वस्तू घ्यावी, पण यादीतली एक खोडून. हात आपोआप आखडतो.

बाजारात भरल्या पोटी जावं, असं सगळी पुस्तकं सांगतात. ग्वाल्हेरात हा सल्ला अपुरा आहे, कारण इथे भरल्या पोटीही बेडई खाल्ली जाते. दाल बाजाराहून नया बाजार लांब नाही, आणि नया बाजारात बहादुऱ्याचे लाडू आहेत, जे अटलजींना आवडायचे असं गावातला प्रत्येक माणूस स्वतः पाहिल्यासारखं सांगतो. डाळीत वाचलेले साठ रुपये लाडवात कसे जातात हे कळतसुद्धा नाही. म्हणून लाडू यादीतच लिहावेत. निदान हिशेब तरी खरा राहील.

उच्चार

भाव करायचा तर आधी भाजीला तिच्या इथल्या नावानं हाक मारता आली पाहिजे. दुध्या म्हणजे लौकी, दोडका म्हणजे तोरई, घोसाळं म्हणजे गिलकी, अळकुड्या म्हणजे अरबी. वांग्याला बैंगन म्हटलं तर कळतं, पण भटा म्हटलं की विकणारा मान वर करून बघतो आणि पहिला भावच जरा खाली येतो. कढीलिंब मागायचा तर मीठा नीम म्हणायचं. दुसरं काही म्हणालात तर आधी तुमचं गाव विचारतील, मग भाव सांगतील.

धडी म्हणजे पाच किलो. हा शब्द नीट ध्यानात ठेवा. मोसमात ठेलेवाला ओरडतो तो भाव किलोचा की धडीचा, हे न विचारता पिशवी पुढे करणारे नवशिके दरवर्षी दिसतात. पुढे महिनाभर त्यांच्या घरी रोज मुळ्याची भाजी असते.

घासाघीस

छत्री मंडीत किंवा हजिऱ्याच्या भाजीबाजारात घासाघीस चालते. ती न करणं उद्धटपणाच समजला जातो. "भैया, ठीक लगा लो" हे मंगलाचरण. त्यावर "बहनजी, आपके लिए तो घर का भाव है" हे ठरलेलं उत्तर. घरच्या भावात घर कुणाचं हे विचारू नये. मग दोन पावलं पुढे जायचं. तिसरं पाऊल टाकण्याआधी हाक आली तर भाव अजून उतरणार, नाही आली तर तुम्हीच मागे वळायचं आणि काहीतरी विसरल्यासारखा चेहरा करायचा. संध्याकाळी दिवे लागल्यावर उरलेल्या भाजीच्या ढेऱ्या लागतात आणि दहा-वीस रुपयांत ढेरी मिळते. ढेरीतलं वरचं टमाटं बघण्यासाठी असतं, खालची खाण्यासाठी. ढेरी घ्यायची तर हातानं उलटी करून घ्या. विक्रेता रागावला तर समजा की उलटी करायलाच हवी होती.

कोथिंबीर आणि मिरची वर फुकट मिळते. ही फुकट कोथिंबीर मिळवण्यात आपल्या लोकांचं जेवढं बुद्धिबळ खर्च होतं तेवढं आणखी कशातच होत नाही. आमच्या नात्यातल्या एका माई आत्या भाजी तोलून झाल्यावर पैसे देताना हात अर्ध्यावर थांबवतात आणि मूठभर कोथिंबीर पिशवीत पडेपर्यंत तो तसाच हवेत राहतो. बघण्यासारखा प्रकार आहे. पण त्याच आत्या महिन्याचा तेलाचा डबा नुसत्या फोनवर मागवतात.

दाल बाजारात मात्र हे अभिनय चालत नाहीत. तो ठोक बाजार. तिथे हातगाड्या, हमाल आणि पोती यांच्यामधून वाट काढत तुम्ही एक किलो मूग मागायला गेलात, तर गादीवरचा माणूस वाईट वागणार नाही, फक्त पुढच्या गिऱ्हाईकाशी बोलू लागेल. तिथे भाव चेहऱ्यावर ठरत नाही, मापावर ठरतो. प्रश्न एकच विचारायचा: "कट्टे का क्या भाव है?" एकट्यानं कट्टा परवडत नसेल तर चार घरांनी मिळून घ्यावा. वाटणी गच्चीवर काट्यानं करावी, वाटीनं करू नये. वाटीनं केलेल्या वाटणीतून या गावातल्या काही जुन्या मैत्र्या संपल्या आहेत.

सुट्या मालाचा आणखी एक फायदा आहे, तो सरकारनं करून दिलेला. 18 जुलै 2022 पासून पंचवीस किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळ, तांदूळ, पिठावर 5 टक्के जीएसटी लागतो. तीच डाळ पोत्यातून काढून कागदाच्या पुड्यात बांधली तर लागत नाही. नियम आल्यावर बाजारात तांदळाचे सव्वीस किलोचे कट्टे दिसू लागले, यावरून व्यापारी वर्गाचा कायद्याचा अभ्यास आपल्यापेक्षा किती खोल आहे हे लक्षात यावं. सुटी डाळ घेताना मात्र मूठभर तळहातावर पसरून उजेडात बघा, आणि नवशिक्यांनी काट्याकडेही लक्ष ठेवावं. इलेक्ट्रॉनिक काटा आला म्हणून पासंग गेला असं नाही. माल ठेवण्याआधी आकडा शून्यावर आहे का, आणि रिकामा डबा किंवा परात ठेवून पुन्हा शून्य केला का, एवढंच बघायचं. मिठाईच्या दुकानात तर नक्की बघा. खोक्याचं वजन मिठाईच्या भावानं विकणं कायद्यात बसत नाही, पण पुठ्ठा जाड असतो आणि आपण पाहुण्यांकडे जायच्या घाईत असतो.

तेल

आता चष्मा काढा.

ग्वाल्हेर, मुरैना, भिंड हा मोहरीचा मुलूख. शेंगदाण्याच्या तेलावर वाढलेल्या माणसाला पहिले पंधरा दिवस इथल्या प्रत्येक जिन्यात नाक झाकावंसं वाटतं. मग कधीतरी कुणाकडे भरल्या भटांची भाजी खाल्ली जाते आणि घरात मोहरीचं तेल येतं. ते धूर निघेपर्यंत तापवून, रंग फिका झाला की जरा निववून फोडणीला घ्यायचं, हे शेजारीण सांगेलच. ती जे सांगत नाही ते इथे लिहितो.

दुकानात दोन डबे शेजारी शेजारी ठेवलेले असतात. उंची तीच, रंग तोच, हत्ती किंवा मोर यांपैकी काहीतरी तेच. एकाचा भाव शे-दीडशे रुपयांनी कमी. नवशिका आनंदानं तो उचलतो. एकावर 15 किलो लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर 15 लिटर. मोहरीचं तेल पाण्यापेक्षा हलकं, एका लिटरचं वजन साधारण 910 ग्रॅम. म्हणजे पंधरा लिटरच्या डब्यात तेल भरतं 13 किलो 650 ग्रॅम. सव्वा किलोहून जास्त फरक, आणि भावातली सूट त्याहून कमी. यात फसवणूक काही नाही, दोन्ही आकडे डब्यावर छापलेले असतात. फक्त एक मोठा छापलेला असतो.

लहान पाकिटांतही हेच. पूर्वी अनेक वस्तू ठरावीक मापातच भराव्या लागत, ती सक्ती आता उठली आहे. त्यामुळे किलोच्या पाकिटासारखं दिसणारं पाकीट 850 ग्रॅमचं असू शकतं आणि लिटरची वाटणारी पिशवी 800 मिलिलिटरची. त्याबदल्यात पाकिटावर एकक विक्री किंमत, म्हणजे ग्रॅमला किंवा किलोला किती पडतं ते, छापणं बंधनकारक झालं. ती ओळ शोधा. ती बहुधा पाकिटाच्या शिवणीपाशी, सर्वांत बारीक अक्षरात असते. सगळ्या काटकसरीचं मूळ त्या एका ओळीत आहे. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी वीस मिनिटं घालवणारे आम्ही लोक ती वाचायला वीस सेकंद देत नाही. घसा कोथिंबिरीवर खर्च होतो आणि डोळे तेलाच्या डब्यावर मिटलेले असतात. ही या शहरातल्या मराठी काटकसरीची मोठी खोड आहे. महाराष्ट्रातलीही वेगळी नसावी.

तेलात एक ठिकाण असं आहे जिथे पैसे वाचवू नयेत. पिंपातून काढून दिलेलं, नाव-गाव नसलेलं स्वस्त तेल घेऊ नका. 1998 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं आणि साठावर माणसं दगावली. पायांना सूज, धाप, मग हृदय. पिवळ्या धोतऱ्याला इकडे सत्यानाशी म्हणतात आणि रेल्वेच्या कडेनं, पडीक रानात तो भरपूर उगवतो. बी काळं आणि मोहरीएवढंच. 8 जून 2021 पासून मोहरीच्या तेलात दुसरं कुठलंही खाद्यतेल मिसळायलाही बंदी आहे. ओळखीच्या कोल्हूवर आपल्या डोळ्यांसमोर काढलेलं तेल चालेल, नाहीतर सीलबंद. इथे दहा रुपयांसाठी शहाणपणा दाखवायचा नाही.

धान्य

एप्रिलमध्ये नवा गहू येतो आणि वर्षाचा गहू भरायची हवा सुटते. आजूबाजूची घरं भरतात म्हणून आपणही भरावा असं वाटू लागतं. आधी घरातली तोंडं मोजा. दोन माणसांना महिन्याला दहा किलो धरले तरी सव्वा क्विंटल वर्षाला पुरून उरतो. तीन क्विंटल घेणाऱ्यांच्या कोठीत पावसाळ्यापर्यंत दुसरी प्रजा नांदू लागते.

लक्ष्मीगंज मंडीत भाव विचारलात तर प्रत्येक ढीग शरबती असतो. शरबती म्हणून विकला जाणारा सगळा गहू सिहोरचा असता तर सिहोर जिल्हा राजस्थानएवढा धरावा लागेल. लोकवन घ्या, चपाती चांगली होते आणि नावासाठी जास्त पैसे पडत नाहीत. मेमध्ये इथलं ऊन 45 अंशांच्या पुढे जातं, ते फुकट आहे. दोन-तीन दिवस गच्चीवर गहू कडकडीत वाळवा, पूर्ण निवू द्या, मग वाळलेली कडुनिंबाची पानं घालून कोठी बंद करा. गरम गहू कोठीत भरला की आत घाम धरतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

दळण चक्कीवर नेताना आपल्या आधी कुणाचं बाजरीचं दळण झालं का ते विचारा, नाहीतर तुमच्या चपातीला करडी छटा येते आणि सासूबाई ती तुमच्या हाताला लावतात. बाजरी भिंड-मुरैन्याची, थंडीत छान आणि स्वस्त. भाकरीसाठी आठवड्यापुरतीच दळावी, कारण बाजरीचं पीठ लवकर कडू होतं. स्वस्त म्हणून पाच किलो दळून ठेवलेली बाजरी शेवटी गाईला जाते. पुण्य मिळतं, बचत होत नाही.

मटार

हा भाग स्वतंत्र लिहिण्याचं कारण म्हणजे जानेवारीतल्या ग्वाल्हेरात दुसरा विषयच नसतो. धुकं दहा-अकराला हटतं, ठेले येतात, मटाराचा भाव वर्षात सर्वांत खाली असतो आणि प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतं, "धडीभर घेऊन टाका, वर्षभर होतील."

रविवारी गच्चीवर चटई पडते. वर्तमानपत्रावर हिरवा ढीग, भोवती सगळं घर स्वेटर घालून. अंगठ्याच्या नखानं शेंगेची शिवण फोडायची, दाणे ओंजळीत. पहिला अर्धा तास गाणी, दुसऱ्यात नातेवाइकांची चर्चा, तिसऱ्यात कुणी बोलत नाही. मुलं सोलतात त्यापेक्षा जास्त खातात, आणि आजोबा मुलांना रागवत रागवत स्वतः खातात. पाच किलो शेंगांतून अडीच किलो दाणे निघाले तर माल उत्तम समजायचा. बहुधा त्याहून कमीच निघतात. म्हणजे तुम्ही आनंदानं घरी आणलेला भाव दुप्पट करून बघा, मगच गोठवलेल्या पाकिटाशी तुलना करा. जानेवारीत तरीही घरचे मटार स्वस्त पडतात, पण तुम्ही शेजारी सांगितलं तेवढे नाही.

दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग कापडावर पूर्ण कोरडे करून लहान लहान पिशव्यांत. एकच मोठी पिशवी भरली की दगड तयार होतो आणि मेमध्ये तो पोळपाटावर आपटावा लागतो. फ्रीजरमध्ये मावतील तेवढेच घ्या. उरलेल्यांची त्याच दिवशी मटार-उसळ करून शेजारी पाठवा. भांडं रिकामं परत येत नाही.

संकीर्ण

उपासाचा किराणा उपासाच्या आदल्या दिवशी घेऊ नये. नवरात्रात साबुदाणा, केळी आणि बटाटे यांचे भाव देवीच्या आधी चढतात.

मेळ्यात किराणा घेऊ नये. ग्वाल्हेरचा मेळा 1905 मध्ये माधवराव शिंद्यांनी जनावरांचा बाजार म्हणून सुरू केला, आता तिथे गाड्यांपासून बरण्यांपर्यंत सगळं मिळतं. मेळ्यात पापड घ्यायला गेलेला माणूस सोफा घेऊन येतो, असा अनुभव आहे. खाजा खावा, पाळण्याकडे बघावं आणि यावं.

आमसूल, मेतकूट आणि गोडा मसाला इथे परवडत नाही आणि चवीलाही धड नसतो. यावर बचतीचा जुना आणि एकमेव मार्ग म्हणजे झेलमनं किंवा गोवा एक्स्प्रेसनं पुण्याहून येणारा पाहुणा. त्याला यादी दोन आठवडे आधी पाठवावी. उशिरा पाठवली तर तो बाकरवडीचं पाकीट आणून सुटतो. परतीला त्याला मुरैन्याची गजक द्यावी. तिला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, हे सांगितलं की पाकीट लहान असलं तरी मान राहतो.

शेवटचं, हक्काचं. छापील किंमत ही कमाल किंमत असते, तिच्यापेक्षा कमीत विकायला कुणाची मनाई नाही. तेव्हा किराणा दुकानातही "इसमें कितना कम होगा?" असं विचारायला लाजू नका. त्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेतला, "ठंडा करने का चार्ज" म्हणाले, किंवा वजन कमी भरलं, तर बिल मागा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करा. फोन लावायला पैसे पडत नाहीत. भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट दिली नाही, या कारणासाठी मात्र हा नंबर लावू नये.